पिस्तूल आत, पाहणारा बाहेर

जळगावच्या जिल्हा कारागृहात आत जायला काय काय लागते, ते एखाद्या कच्च्या कैद्याच्या बायकोला विचारावे. आधी अर्ज, मग ओळखपत्र, मग रांग, मग झडती. पिशवीतला साबणसुद्धा हातात घेऊन पाहिला जातो. न्यायालयाची परवानगी नसेल तर घरचा डबा दारातूनच परत जातो. एवढे झाल्यावर मुलाकात मिळते ती काही मिनिटांची. कडेकोट बंदोबस्त म्हणतात तो हा.

याच कारागृहातून २५ जुलै २०२० च्या सकाळी तीन कैदी पळाले. भिंत फोडावी लागली नाही, गज कापावे लागले नाहीत. रक्षकावर पिस्तूल रोखले, दार उघडून घेतले आणि बाहेर थांबलेल्या दुचाकीवरून ते निघून गेले. तिघांतला एक बडतर्फ पोलीस होता. कैदी बाहेर कसे गेले यावर जिल्हाभर चर्चा झाली. पिस्तूल आत कसे गेले यावरही झाली. तिसरा प्रश्न मात्र चर्चेत फारसा आलाच नाही. त्या दिवसाआधीच्या सहा महिन्यांत, कारागृहाच्या नोकरीत नसलेले, पोलीस खात्याशी संबंध नसलेले, आत काय चालले आहे हे पाहण्यासाठीच गेलेले असे कोणी त्या दारातून आत गेले होते का?

या प्रश्नाला महत्त्व आहे, कारण पुढच्या घटना त्याच भिंतीआड घडल्या. सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे पलायनानंतर दोन महिन्यांच्या आत, इथल्या एका कैद्याचा मृत्यू झाला. कारागृहातल्या मारहाणीने तो गेला, असे घरच्यांचे म्हणणे होते. पुढे कारागृहाच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. जुलै २०२४ मध्ये इथेच एका कैद्याने दुसऱ्याला धारदार शस्त्राने मारले. पिस्तूल, मारहाणीचा आरोप, शस्त्र. तीन वेगवेगळ्या गोष्टी, आणि तिन्ही बाहेरच्यांना कळल्या त्या घडून गेल्यावर.

झडती साबणाची होते, कारभाराची होत नाही. सगळा मुद्दा एवढाच आहे.

आपल्याकडची सारी व्यवस्था मृत्यूनंतर जागी होते. कोठडीत माणूस गेला की न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण होते. मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवायचे असते. निलंबन होते, बदली होते, भरपाईची मागणी होते. हे सगळे हवेच. पण यातले काहीही आदल्या दिवशी घडत नाही. आदल्या दिवशी तो माणूस जिवंत होता, त्याच्या अंगावर वळ होते, आणि ते पाहू शकणारी सगळी माणसे एकाच खात्याचा पगार घेत होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत आकडे दिले. २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांत पोलीस कोठडीतले सर्वाधिक मृत्यू गुजरातमध्ये, ८०. त्याखालोखाल महाराष्ट्रात, ७६. हे फक्त मेलेल्यांचे आकडे आहेत. मार खाऊन जगलेल्यांची नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये होते?

ती नोंद न्यायालयात होते, असे उत्तर मिळेल. आरोपीला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात आणि विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? आरोपी नाही म्हणतो. तसे लिहिले जाते. पण आरोपीच्या शेजारी कोण उभे असते, हेही पाहावे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची, त्यांच्याच ताब्यात तो असतो. ‘पीसीआर’, म्हणजे पोलीस कोठडी, वाढली तर रात्री त्याच खोलीत परत जायचे असते. पोर पावरा किंवा भिल्ल वस्तीवरचे असेल, तर न्यायालयाची मराठीही त्याला निम्मीच कळते. अशा वेळी ‘नाही’ म्हणणे यात शहाणपण असते. खरे-खोटे त्यावरून ठरत नाही.

परभणीत हेच घडले. विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याचा १५ डिसेंबर २०२४ रोजी कोठडीत मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा त्याने मारहाणीची तक्रार नसल्याचे सांगितले होते, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. पुढे दंडाधिकारी चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. जळगाव आणि धुळेही याच खंडपीठाखाली येतात. इथल्या रिमांडच्या कागदांवरही रोज ‘तक्रार नाही’ असेच लिहिले जाते. एका विद्यार्थ्याच्या बाबतीत या दोन शब्दांचे काय झाले, हे सगळ्यांनी पाहिले. बाकीच्या कागदांवरच्या त्याच शब्दांवर आपण अजून विश्वास ठेवतो आहोत.

तक्रारीची वाट पाहणे आणि स्वतः जाऊन पाहणे यांत फरक आहे. रिचर्ड कार्व्हर आणि लिसा हँडली यांनी १६ देशांतल्या तीस वर्षांचा अभ्यास करून २०१६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. छळ कशाने कमी होतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सर्वांत जास्त फरक पडतो तो अटकेच्या वेळच्या साध्या गोष्टींनी. घरच्यांना लगेच कळवणे, वकील देणे, बेकायदा ठिकाणी न डांबणे. दोषींवर खटले भरल्यानेही फरक पडतो. बाहेरच्यांनी न कळवता जाऊन पाहिल्याने आणि कैद्याशी एकांतात बोलल्यानेही पडतो. तक्रार निवारण यंत्रणांनी मात्र फारसा फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त कशावर भर आहे? तक्रारपेटीवर.

पाहणारे आहेत, असे कोणी म्हणेल. कॅमेरे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. चित्रीकरण अठरा महिने जपायला सांगितले. देखरेखीसाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमायला सांगितली. समितीत कोण? विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. जिल्ह्यातली सगळी ठाणी ज्यांच्या हाताखाली, तेच अधीक्षक त्या ठाण्यांच्या कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणार. दुकानदाराच्या तराजूला वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, तो दुकानदाराने स्वतः मारून घ्यायचा असे आपण कुठे चालवून घेतो?

आणि कॅमेरा चालू असला तरी तो प्रश्न विचारत नाही. तो लावला असेल तेवढाच कोपरा दाखवतो. मार कॅमेऱ्यासमोरच दिला पाहिजे असे बंधन मारणाऱ्यावर नसते. शिवाय चित्रीकरण बहुधा मागितले जाते तेच मृत्यू झाल्यावर. त्या वेळी नेमका कॅमेरा बंद असतो, जागा भरलेली असते किंवा तांत्रिक बिघाड निघतो. राजस्थानात २०२५ च्या पहिल्या आठ महिन्यांत पोलीस कोठडीत ११ जण मेल्याची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये कॅमेऱ्यांचा विषय स्वतःहून पुन्हा हाती घेतला. २०२० चा आदेश पाच वर्षांनी पुन्हा हाती घ्यावा लागतो, यातून काय समजायचे ते समजावे.

तुरुंगांसाठी वेगळी सोय आहे, आणि ती नवी नाही. १८९४ च्या कारागृह कायद्यातच अभ्यागत नेमण्याची तरतूद आहे. इंग्रजांनी ती काही कैद्यांच्या प्रेमापोटी केली नव्हती. कारभार नीट चालावा म्हणून बाहेरची नजर लागते, एवढे त्यांनाही कळत होते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत अभ्यागत मंडळाचे प्रकरणच आहे. त्यात जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी असे सरकारी सदस्य आहेत. त्यांच्या जोडीला बिनसरकारी सदस्य आहेत. आमदार, राज्य मानवी हक्क आयोगाचा प्रतिनिधी, सामाजिक कार्यकर्ते, आणि त्यांत स्त्रियाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना अशी मंडळे ३० नोव्हेंबर २०१७ पर्यंत नेमायला सांगितले. त्याआधी २४ जुलै २०१५ रोजी, डी. के. बसू प्रकरणातल्या पुढच्या निकालात, केवळ तुरुंगांसाठीच नव्हे तर पोलीस ठाण्यांसाठीही अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार करायला सांगितले होते.

आता वाचकांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्या मतदारसंघाचा आमदार कोण, हे सांगता येते. नगरसेवक सांगता येतो. सोसायटीचा चेअरमनही सांगता येतो. जळगाव कारागृहाच्या, धुळे कारागृहाच्या अशासकीय अभ्यागतांपैकी एकाचे तरी नाव सांगता येईल? ज्याचे काम पाहणे आहे तोच कोणाला माहीत नसेल, तर आतला कैदी त्याची वाट कशी पाहणार, आणि कैद्याची आई त्याला कुठे गाठणार?

पोलीस ठाण्याच्या कोठडीसाठी तर आदेश २०१५ आणि २०१७ च्या आदेशांहूनही जुना आहे, आणि तो महाराष्ट्रासाठीच आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवले. पंधरांपैकी पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागला. मुंबईत सत्र न्यायाधीशाने पोलीस कोठड्यांना अधूनमधून अचानक भेट द्यावी, आतल्यांना गाऱ्हाणे मांडायची संधी द्यावी, असा आदेश झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम त्या त्या जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशाने करावे, असेही त्यातच म्हटले आहे. त्रुटी आढळल्या तर पोलिसांच्या वरिष्ठांना, मग गृहखात्याला, आणि तरीही काही झाले नाही तर उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना कळवावे, इतपत पायऱ्या आखून दिल्या आहेत. चाळीस वर्षांहून जुना हा आदेश आहे. त्यातला ‘अचानक’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा होता.

कळवून दिलेल्या भेटीत काय दिसते, हे शाळा तपासणीला सामोऱ्या गेलेल्या कोणालाही सांगायला नको. जमीन धुतलेली, रजिस्टर भरलेले, आजारी कैदी दवाखान्यात आणि बोलका कैदी दुसऱ्या बराकीत. पाहुणा येतो, चहा घेतो, पुस्तकात शेरा लिहितो आणि जातो. ‘व्यवस्था समाधानकारक.’ आतल्याला मात्र संध्याकाळी विचारले जाते, साहेबांशी काय बोललास? म्हणून देखरेखीच्या तीन अटी आहेत आणि तिन्ही एकत्रच लागतात. न कळवता जाता आले पाहिजे. कैद्याशी रक्षकांच्या कानाआड बोलता आले पाहिजे. आणि बोलल्याबद्दल त्याच्यावर सूड उगवला गेला तर तेही पाहायला पुन्हा जाता आले पाहिजे. यातली एक अट गळली तरी भेट म्हणजे नुसती सहल.

जगात ही गोष्ट कोणी अवघड मानत नाही. जाँ-जाक गोतिए नावाच्या एका स्विस बँकरने सत्तरच्या दशकात हा विचार लावून धरला. युद्धकैद्यांच्या छावण्यांत रेडक्रॉसची माणसे जातात, तशी प्रत्येक कोठडीत बाहेरची माणसे का जाऊ नयेत? त्यातून युरोपात १९८९ मध्ये कोठड्यांची पाहणी करणारी समिती उभी राहिली. १८ डिसेंबर २००२ रोजी संयुक्त राष्ट्रांनी छळविरोधी करारनाम्याला जोड म्हणून ऐच्छिक करार स्वीकारला. तो २२ जून २००६ पासून लागू झाला. ज्या देशांनी तो मानला, त्यांनी आपल्याकडे स्वतंत्र पाहणी यंत्रणा नेमायची आणि तिला कोणत्याही कोठडीचे दार उघडे ठेवायचे. मालदीवने तो मानला आहे. श्रीलंकेनेही मानला आहे. आपण मूळ करारनाम्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली आणि तिथेच थांबलो. तो संमत करण्यासाठी लागणारे विधेयक लोकसभेने २०१० मध्ये मंजूर केले, ते राज्यसभेत अडकले आणि विरून गेले. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ वा अहवाल देऊन नवा मसुदा सुचवला. तोही कपाटात आहे.

इंग्लंडमध्ये तर हे काम साधी माणसे करतात. १९८१ मध्ये ब्रिक्स्टनला दंगल झाली. लॉर्ड स्कार्मन यांनी चौकशी केली आणि पोलीस ठाण्यांना सामान्य नागरिकांनी अवचित भेटी द्याव्यात, अशी शिफारस केली. २००२ च्या कायद्याने तिला पक्के रूप आले. निवृत्त शिक्षक, दुकानदार, परिचारिका अशी कोणीही माणसे दोघा-दोघांच्या जोडीने जातात. दिवस असो, रात्र असो, ठाण्याने त्यांना आत घ्यायचे असते. ती कोठडी पाहतात, ताब्यातल्या माणसाला विचारतात, लिहून देतात. तिथले पोलीस यामुळे दुबळे झाले, असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे म्हटले जाते. पहिला आक्षेप सुरक्षेचा. बाहेरची माणसे तुरुंगात मोकळी फिरली तर आत काहीही पोहोचेल. जळगावच्या कारागृहाच्या बाबतीत हा आक्षेप घेताना जरा थांबायला हवे. तिथे पिस्तूल पोहोचले ते कोणी पाहुणा फिरत नसताना. ज्या यंत्रणेवर सुरक्षेची जबाबदारी होती, तिच्या डोळ्यांदेखत किंवा तिच्या डोळ्यांआड ते आत गेले. दोन्हींतले काहीही खरे असले, तरी तिच्यावर पाहणारे दुसरे कोणी असते तर काही बिघडले नसते.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण पारावर ऐकू येतो. गुन्हेगारांचे लाड कशाला? आत कोण असते, हे आधी पाहावे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांतले चार लाख चौतीस हजारांहून अधिक कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांत तीन. त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे. जिल्हा कारागृहे तर मुख्यतः अशाच कैद्यांसाठी असतात. आज आत असलेला पुराव्याअभावी उद्या सुटेल. तो आत असताना त्याचे काय झाले, याची भरपाई सुटकेचा कागद करत नाही.

तिसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. पाहणी ही पोलिसांवर अविश्वास दाखवणे आहे, त्याने त्यांचे मनोधैर्य खचते. याला उत्तर जळगावातच आहे, आणि ते आक्षेप घेणाऱ्यांना अपेक्षित नसेल असे आहे.

मार्च २०२१ मध्ये गणेश कॉलनीतल्या आशादीप शासकीय महिला वसतिगृहाचे प्रकरण उठले. आतल्या मुलींना कपडे काढून नाचायला लावले गेले, त्यात पोलीसही होते, असा आरोप झाला. विधानसभेत गदारोळ झाला. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महिला अधिकाऱ्यांची समिती नेमली. समितीने जबाब घेतले. आरोपात तथ्य नाही, असे मंत्र्यांनी सभागृहाला सांगितले, आणि तेही फार दिवस न लावता.

समितीचा निष्कर्ष बरोबर होता असेच धरून चालू. तसे घडले नसेल, तर वसतिगृहातल्या कर्मचाऱ्यांवर आणि जळगावच्या पोलिसांवर मोठा अन्याय झाला. देशभर त्यांना नावे ठेवली गेली. पण त्यांना निर्दोष ठरवले कोणी? वसतिगृह सरकारचे, आरोप सरकारच्या नोकरांवर, चौकशी सरकारी अधिकाऱ्यांची, निकाल गृहमंत्र्यांच्या तोंडून. ज्यांना आरोप खरा वाटत होता, त्यांना निकाल ऐकूनही तो खराच वाटत राहिला. ज्यांना खोटा वाटत होता, त्यांना निकालाची गरजच नव्हती. एकाचेही मत हलले नाही. चौकशी झाली आणि संशय जागच्या जागी राहिला.

त्याच वसतिगृहात दर दोन महिन्यांनी, न कळवता, सरकारशी देणेघेणे नसलेल्या दोन स्त्रिया जात असत्या, मुलींशी दार लावून बोलत असत्या आणि त्यांच्या नोंदी लोकांसमोर असत्या, तर पहिल्याच दिवशी विचारता आले असते की, बाई, तुम्ही महिन्यापूर्वी गेला होतात, काय पाहिलेत? त्यांच्या एका वाक्याला समितीच्या अहवालापेक्षा जास्त वजन आले असते. आरोप खरा असता तर तो दडपता आला नसता. खोटा असता तर त्याला एवढा वारा मिळाला नसता.

हेच कारागृहाला लागू आहे. मारहाणीच्या आरोपात अडकलेल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणी निर्दोष असेल, तर त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आज फक्त त्याचे सहकारी आहेत. आणि सहकाऱ्यांच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवतो? बंद जागेत गुन्हा लपतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंद जागेत निरपराधपणाही लपतो, हे तिथे नोकरी करणाऱ्यांच्या अजून ध्यानात आलेले दिसत नाही. बाहेरची नजर नको म्हणणारे खाते स्वतःच्या प्रामाणिक माणसांचा एकमेव साक्षीदार दाराबाहेर ठेवते.

राज्य मानवी हक्क आयोग आहे की, असे शेवटी म्हटले जाते. आहे. २००१ पासून आहे. १९९३ च्या कायद्याने त्याला कोणत्याही तुरुंगाला भेट देण्याचा अधिकार आहे. तो बसतो मुंबईत, जळगावपासून चारशेहून अधिक किलोमीटरवर. धडगावच्या किंवा शिरपूरच्या कोठडीत रात्री काय चालते, ते पाहायला तो कधी येणार? पाहणारा जवळचा हवा. तासाभरात पोहोचणारा, इथली अहिराणी समजणारा, गरज पडली तर पावरी बोलणाऱ्याला सोबत नेणारा.

यासाठी संसदेने करारनामा संमत करण्याची वाट पाहायची गरज नाही. करावा, तो वेगळा लढा आहे. जे आत्ता हातात आहे त्याने सुरुवात होते. राज्य सरकारने जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या कारागृहांसाठी अशासकीय अभ्यागतांची नावे जाहीर करावीत, निवृत्त पोलीस आणि पक्षांचे पदाधिकारी वगळून. पोलीस ठाण्यांसाठीही तसेच अभ्यागत नेमावेत. बसू निकालात ती वाट दाखवलेली आहेच. कॅमेऱ्यांच्या जिल्हा समितीत अधीक्षकांबरोबर किमान एक माणूस असा असावा, ज्याची बदली, बढती किंवा तिकीट गृहखात्याच्या हातात नाही.

आणि १९८३ चा आदेश पाळला जातो की नाही, हे लोकांना कळावे. सत्र न्यायाधीशांनी कोणत्या ठाण्याच्या कोठडीला कोणत्या तारखेला अचानक भेट दिली, याची यादी जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा न्यायालयांच्या फलकावर दर तिमाहीला लागावी. आत कोणाशी काय बोलणे झाले, ते सांगू नये. फक्त ठाणे आणि तारीख. त्यासाठी एक कागद आणि दोन टाचण्या पुरतात. फलक कोरा राहिला, तर जिल्ह्याला तेही वाचता येईल.